शिकार संपल्यानंतर

नांदेडजवळ शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंहजी नांदेडला मुक्कामी असताना त्यांनी येथे एका सशाची शिकार केली आणि त्या सशाच्या देहात अडकलेल्या एका जुन्या भाविकाच्या जीवाला मुक्ती दिली, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. दुसरा एक ससा मराठी गद्याच्या आरंभीच भेटतो. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांचे कुत्रे मागे लागलेला हा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो आणि स्वामी त्याला शरणागत म्हणून राखतात. एका सशाला मरणातून मोक्ष मिळाला, दुसऱ्याला मरणापासून अभय मिळाले. आमच्या भागातल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही ससे थोडेफार ठाऊक असतात. तिसऱ्या सशाची मात्र वाङ्मयात कोठे धड नोंद नाही. तो मारला गेला, कोणाच्या तरी खांद्यावरून घरी आला आणि दिवेलागणीच्या सुमारास ओसरीवर टाकला गेला. आता याचे काय करायचे, हा प्रश्न त्या घरातल्या बाईपुढे उभा राहिला. हे लेखन त्या तिसऱ्या सशाविषयी आहे.

मराठीत शिकारकथांना तोटा नाही. माग काढणे, दबा धरणे, वाऱ्याची दिशा पाहणे, काडतूस भरणे, नेम धरणे या साऱ्यांची बारीक वर्णने आपल्याकडे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांसारखा एके काळी स्वतः शिकार केलेला लेखक रानाकडे किती जाणत्या डोळ्यांनी पाहतो, हे निराळे सांगायला नको. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने रान आणि रानातली माणसे यांची भाषाच मराठीत आणली. पण शिकारकथा म्हणून जो प्रकार रूढ झाला त्याचा शेवट बहुधा जनावर कोसळते तेथे होतो. फार तर पुढे रात्रीच्या शेकोटीचे, रटरटणाऱ्या पातेल्याचे एखादे वाक्य येते. कोसळलेले जनावर आणि रटरटणारे पातेले यांच्यामध्ये जे तीन-चार तास जातात ते कथेतून गळून पडलेले असतात. वस्तुतः खाणाऱ्याच्या जिवाला खरा धोका त्याच तासांत असतो आणि तो टाळण्याचे ज्ञानही त्याच तासांत कामाला येते.

ही गळती केवळ आधुनिक नाही. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथे बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या मुदपाकखान्याचे जे वर्णन आहे ते आजच्या वाचकालाही चकित करते. रानडुकराच्या अंगावरचे राठ केस काढण्याच्या दोन रीती तेथे दिल्या आहेत. एक, जनावर पांढऱ्या वस्त्राने झाकून त्यावर कढत पाणी ओतायचे. दुसरी, अंगाला चिखल लिंपून गवताच्या जाळावर भाजून घ्यायचे. कातडीवरची घाण मांसात उतरू नये, याची ही व्यवस्था आहे. पण गंमत अशी की, याच ग्रंथात मृगयेचे वर्णन ‘विनोद’ या स्वतंत्र विभागात आहे आणि अन्नाचे ‘उपभोग’ या विभागात. शिकार हा राजाचा विनोद आणि जेवण हा राजाचा उपभोग. या दोन विभागांच्या मधली जागा ज्यांनी हातांनी भरून काढली त्यांच्यासाठी राजाने प्रकरण लिहिले नाही.

मराठवाड्यात ही मधली जागा नाना प्रकारच्या माणसांनी भरली. जहागीरदार, देशमुख आणि निजामी अंमलदार यांच्या हाती बंदूक होती. किनवट-माहूरच्या रानात गोंड, कोलाम, आंध होते. माळावर फासेपारधी होते. शिकारीचे साधन बदलले की मांसही बदलते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला सहसा सुचत नाही. बंदुकीची गोळी आतड्यातून गेली तर पोटातली घाण मांसभर पसरते. छर्ऱ्यातल्या शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिजवून नाहीसे होत नाहीत. फाशात सापडलेला तितर मात्र अभंग असतो, शिवाय जिवंत असतो. पारधी तितर-लावे जिवंतच बाजारात आणून विकत, यामागे सोय होती तसे शहाणपणही होते. बर्फ नसलेल्या मुलखात मांस ताजे ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते जिवंत ठेवणे. मुसलमान घरांत शिकार जिवंत हाती लागून तिचा गळा चिरला जावा, याविषयी जी घाई असे, तिचे कारण धार्मिक होते. पण त्यामुळे रक्त वेळेवर वाहून जाई, हाही तिचा एक परिणाम होता.

आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांनी शिकार केली नाही, परंतु शिकारीचे मांस त्यांच्या हातांखालून गेले. लातूरकडच्या आमच्या गावात या बायकांकडून जे नियम आम्ही लहानपणी ऐकले, ते कोणी नियम म्हणून सांगत नसे. ते दटावण्यातून कानावर येत. “पोट फुगायच्या आत मोकळं कर” हा पहिला. विळ्याचे टोक आत खुपसायचे नाही, धार वर धरून कातडी उचलत न्यायची, म्हणजे आतडे फुटत नाही. पित्ताची पिशवी अखंड निघाली पाहिजे, नाहीतर सगळे कडू. ज्या हाताने केसाळ कातडी धरली तो हात मांसाला लावायचा नाही. सोललेले धड पाण्याने भिजवायचे नाही, कोरड्या फडक्याने पुसायचे. पाणी लावायचे ते तुकडे झाल्यावर, चुलीवर चढवण्यापूर्वी. गोणपाटात गुंडाळून ठेवायचे नाही, सावलीत वाऱ्याला टांगायचे.

काळजाचा नियम तर आम्हांला आजही सर्वांत थोर वाटतो. काळीज बाहेर काढले की उजेडाकडे धरून पाहायचे. त्यावर पांढरे ठिपके असले तर ते काळीजच नव्हे, सगळा ससा पुरून टाकायचा, कुत्र्यालाही घालायचा नाही. आणि जो ससा पळत नाही, कुत्र्याने सहज धरला, तो घरात आणायचा नाही. पशुवैद्यकाचे कोणतेही पुस्तक आज हेच सांगेल. सशाच्या यकृतावरचे ठिपके अनेक रोगांची खूण असतात. त्यांतल्या टुलारेमियासारख्या रोगाचे जंतू नुसत्या हाताळण्यानेही, बोटावरच्या लहानशा जखमेतून, शरीरात शिरतात. म्हणून तर आज शिकारीचे मांस साफ करताना रबरी हातमोजे घालावेत असे सांगतात. आजींना टुलारेमिया हा शब्द ठाऊक नव्हता. ठिपके ठाऊक होते.

आणखी एक तपशील आहे आणि तो जरा अडचणीचा आहे. अनेक घरांत मांस आतल्या चुलीवर शिजत नसे. त्यासाठी अंगणातली वेगळी चूल, वेगळे पातेले, वेगळी पळी असे. हा विटाळाचा नियम होता आणि विटाळाच्या नियमांनी माणसांचे काय केले हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. तरीही कच्च्या मांसाची भांडी आणि भाकरीचे ताट वेगळे ठेवणे ही आरोग्याची पहिली पायरी आहे. एकाच आचारात अन्याय आणि उपयोग दोन्ही असू शकतात. अभ्यासकाने यांतले एक पाहून दुसऱ्याकडे डोळेझाक केली तर त्याच्या हाती अर्धीच वस्तू लागते.

येथून आपण चान्यांकडे येतो. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून, उन्हात वाळवून, पुढे महिनोन्‌महिने पुरवायच्या त्या चान्या. दलित आत्मकथनांच्या वाचकाला हा शब्द परका नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली तिच्यात चान्यांना मानाची जागा आहे. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती नोंद देशभर पोहोचली. चान्या बहुधा गावातल्या मेलेल्या वा कापलेल्या ढोराच्या असत, शिकारीच्या नव्हेत. पण समस्या तीच होती. एकाएकी, न मागता, एका घराला एका दिवसात खाता येणार नाही इतके मांस समोर येते, ऊन तापलेले असते आणि साठवणीला गाडग्याखेरीज काही नसते. रानडुक्कर पडले तरी हेच, बैल मेला तरी हेच.

आमच्या समीक्षेने हा सगळा भाग एका शब्दात वाचला: भूक. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) असो, धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) असो, खाण्याचा प्रसंग आला की प्राध्यापकांच्या टिपणांत ‘दारिद्र्याचे दाहक चित्रण’ हे शब्द ठरलेले. ते खोटे नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते ज्या अपमानातून केले तो अपमान खरा होता. ते मांस सोडणे ही स्वाभिमानाची पहिली खूण होती. त्या निर्णयापुढे आज कोणी चान्यांच्या चवीचे गोडवे गात उभे राहिले तर ते अशोभनीय ठरेल. परंतु ज्या बाईने ते मांस घरात आल्यावर पोरे आजारी पडू दिली नाहीत, तिचे कौशल्य त्या अपमानाचा भाग नव्हते. ते त्या अपमानाविरुद्ध तिच्यापाशी असलेले हत्यार होते. समीक्षेने भूक पाहिली, हात पाहिले नाहीत.

एका पदव्युत्तर वर्गात आत्मकथनांतला असाच एक उतारा चालला होता. वर्गात नेहमीची, थोडी संकोचलेली शांतता होती. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने, कोणी विचारले नसताना, आजी चान्या कशा करी ते सांगायला सुरुवात केली. मांस धाग्याच्या दिशेने कापायचे, आडवे नाही. पट्टी बोटापेक्षा पातळ हवी, जाड राहिली तर वरून वाळते आणि आतून नासते. चरबी सगळी काढून टाकायची, कारण चरबी वाळत नाही, खवट होते. मीठ आणि हळद चोळायची. दोरीवर अशा टांगायच्या की एक पट्टी दुसरीला चिकटता कामा नये. कावळ्यांवर एक पोर बसवायचे, माशांसाठी खाली धूर करायचा. सूर्य मावळला की घरात, दव लागू द्यायचे नाही. तीन-चार दिवसांनी वाकवून पाहायचे: वाकली आणि भेगाळली तर झाली, नुसतीच वाकली तर आणखी ऊन. पावसाळ्याच्या तोंडी गाडगे उघडून पुन्हा एक ऊन द्यायचे. तिच्या बोलण्यात लाज नव्हती आणि अभिमानाचा आवही नव्हता. एखाद्याने वृत्ताची लक्षणे सांगावीत तशी ती सांगत होती. पुढच्या बाकावरच्या दोघांनी ते वहीत उतरवून घेतले. त्या वर्षभरात त्यांनी न सांगता उतरवून घेतलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

हे ज्ञान पूर्ण होते काय? नव्हते, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्याकडे परंपरेची बाजू घेणारे लगेच ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणू लागतात, म्हणून अधिकच स्पष्ट म्हटले पाहिजे. ऊन आणि मीठ मांसातले पाणी काढतात, त्यामुळे जंतूंची वाढ थांबते. पण आधीपासून असलेले सगळे जंतू त्याने मरत नाहीत. वाळत आलेल्या मांसातले काही जंतू तर उष्णतेला अधिक चिवट होतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला म्हणूनच असा की, मांस वाळवण्याआधी ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला तापवून घ्यावे, पाखरांचे असेल तर ७४ अंशांना. रानडुकराच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाचा सूक्ष्म जंत असू शकतो. तो खारवण्याने, वाळवण्याने, धुरी देण्याने खात्रीने मरत नाही, आणि रानटी जनावरांतल्या त्याच्या काही जाती गोठवण्यालाही दाद देत नाहीत. नीट शिजवणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. जपानमध्ये हरणाचे कच्चे मांस खाऊन काविळीच्या ‘ई’ विषाणूची बाधा झाल्याचे २००३ साली सिद्ध झाले. मांस हाडापासून सुटेपर्यंत रटरटवण्याची मराठवाड्याची सवय याबाबतीत फार चांगली होती.

सर्वांत कठीण गोष्ट काळपुळीची. या रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेल्या जनावराला सुरी लावणेच घातक असते. कारण हवा लागताच जंतूंची बीजाणू तयार होतात आणि ती उन्हाला, मिठाला, घरगुती शिजवण्यालाही पुरून उरतात. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात मेलेल्या ढोराचे मांस कापून आणि खाऊन लोक आजारी पडल्याच्या घटना वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. आपोआप मेलेले जनावर, रान असो वा गोठा, खायचे नाही, या नियमाला अपवाद नाही. आजीचा ‘न पळणारा ससा’ हा याच नियमाचा एक तुकडा होता. पण ज्या समाजाला गावाने मेलेलेच वाट्याला दिले त्याला हा नियम पाळण्याची मुभाच नव्हती. ज्ञान असून ते वापरण्याचा हक्क नसणे, हे भुकेपेक्षा वेगळे दुःख आहे आणि आत्मकथनांच्या ओळींमधून ते शोधावे लागते.

आता राहिला कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. मराठवाड्याला ते साल दुष्काळाचे म्हणून आठवते, खडी फोडण्याचे आणि सुकडीचे म्हणून आठवते. त्याच साली दिल्लीत ससा, तितर आणि हरिण राखण्याचा कायदा झाला. तो आवश्यकच होता, माळरानावरचा माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे ते पाहता फार उशिरा झाला असे म्हणावे लागते. पिकांत घुसणारे रानडुक्कर सरकारी परवानगीने मारले, तरी कलम ३९ प्रमाणे ते सरकारी मालमत्ता असते, मारणाऱ्याच्या पातेल्यातले मांस नव्हे. फासेपाऱध्यांसारख्या जमातींवर १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांनी त्यांचा परंपरागत धंदाच गुन्हा ठरला आणि पर्यायी धंदा देण्याचे काम मात्र रेंगाळले. आम्ही शिकारीच्या बाजूने नाही. कायद्याच्या एका कडेला कोण उभे राहिले, एवढेच नोंदवतो.

बंदीने शिकार पुष्कळ कमी झाली, संपली नाही. जी उरली ती अंधारात गेली आणि अंधाराने तिचे सारे शहाणपण हिरावून घेतले. पूर्वी अंगणात, दहा बायकांच्या डोळ्यांदेखत जे काळीज उजेडाकडे धरले जाई, ते आता बॅटरीच्या प्रकाशात न पाहताच फेकले जाते. मांस प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून, दुचाकीच्या डिकीतून, तासन्‌तास फिरते. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, कच्चे मांस त्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असे अन्नशास्त्र सांगते. लातूर-नांदेडचा मे महिना चाळिशीच्या पुढचा असतो. घेणाऱ्याला जनावर कसे मेले, केव्हा मेले, माहीत नसते आणि विचारायची सोय नसते. आणि पुढे पोट बिघडले, ताप आला, तर काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगितले जात नाही, कारण ते सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली. लपवलेले मांस आणि लपवलेला इतिहास दोन्ही सारख्याच रीतीने नासतात.

साहित्याच्या शिक्षकाने या सगळ्यात काय करायचे, असे कोणी विचारील. रानमांसाची पाककृती शिकवणे हे त्याचे काम नाही आणि कायदा ते करूही देत नाही. पण कायद्याने खुल्या असलेल्या बोकडाच्या वा कोंबडीच्या मांसालाही तेच नियम लागू आहेत: पोट लवकर मोकळे करणे, कातडीचा हात मांसाला न लावणे, थंड ठेवणे, काळीज पाहणे, आतपर्यंत शिजवणे. शिक्षकाचे काम वाचायला शिकवण्याचे आहे. आत्मकथनात मांसाचा प्रसंग आला की ‘दाहक चित्रण’ लिहून पुढे न जाता त्याने थांबावे. कोण कापते आहे, कशाने कापते आहे, काय फेकते आहे, काय राखते आहे, वाटे कोण करते आहे, हे विचारावे. फेकलेल्या वस्तूंची यादी राखलेल्या वस्तूंइतकीच बोलकी असते. आमच्या विद्यापीठाच्या परिसरात अशा घरांतून आलेली मुले-मुली वर्गात बसलेली असतात. त्यांच्या आज्या आता ऐंशीच्या घरात आहेत. आपण ज्याला संदर्भग्रंथ म्हणतो तो पुष्कळ वेळा गावाकडच्या ओसरीवर बसलेला असतो आणि त्याची दुसरी आवृत्ती निघणार नसते.

एक प्रकल्प इतका साधा आहे की त्याला अनुदान लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्ध स्त्रीला एकच प्रश्न विचारावा: मांस खराब झाले हे तुम्ही कशावरून ओळखत होता? उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत उतरवावे. वास, चिकटपणा, रंग, माशी यांसाठी मराठवाडी बोलीत किती शब्द आहेत, हे त्यातून प्रथमच आपल्यापुढे येईल. कोशात ते नाहीत, कारण कोश करणारे ओसरीच्या अलीकडे थांबले आणि शिकारकथा लिहिणारे रानातच थांबले. विद्यार्थ्याला मात्र तिची ओसरी ओलांडून आत जाता येईल, कारण ते त्याचेच घर आहे.